दोनदा भरलेला बार

जुलै १८६३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्गची लढाई संपली, तेव्हा रणांगणावर पडलेल्या बंदुका गोळा करण्यात आल्या. वॉशिंग्टनला पोहोचलेल्या अशा सुमारे २७ हजार बंदुकांची नोंद झाली. त्यातल्या सुमारे २४ हजार अजून भरलेल्या होत्या. यात आश्चर्य नाही, पण पुढचा आकडा पाहा. जवळजवळ १२ हजार बंदुकांमध्ये एकावर एक असे दोन बार ठासलेले होते. आणखी सहा हजारांत तीन ते दहा. एका बंदुकीत तर २३ बार निघाले. सैनिक दारू ओतत होता, गोळी घालत होता, गजाने ठासत होता, चाप ओढत होता. बार उडाला की नाही हे त्या गदारोळात त्याला कळत नव्हते, म्हणून तो पुन्हा भरत होता.

इतिहासकार या आकड्यांवरून युद्धातील भीती, गोंधळ आणि माणसाला माणूस मारताना येणारा संकोच यांविषयी वाद घालतात. मला त्यातला एक साधा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. 'आपण हे आधीच भरले आहे का?' या प्रश्नाचे उत्तर हाताला आठवत नाही आणि डोळ्याला दिसत नाही, ही बंदुकीच्या इतिहासातली फार जुनी अडचण आहे. काडतूस आले, कारखाने आले, तरी ती संपली नाही. अमेरिकेत आज असंख्य लोक आपल्या गॅरेजमध्ये किंवा तळघरात पिस्तुलाची आणि रिव्हॉल्व्हरची काडतुसे स्वतः भरतात, आणि या छंदाच्या प्रत्येक पुस्तकात ज्या इशाऱ्यावर सर्वाधिक जोर असतो तो हाच: एकाच पुंगळीत दोनदा दारू पडू देऊ नका.

आपल्यापैकी बहुतेकांना हा छंद परका वाटतो, काहींना तो नकोसाही वाटेल. बंदुकांविषयीचा इथला राजकीय वाद या लेखाचा विषय नाही. मात्र आपण ज्या वस्त्यांत राहतो तिथे शेजारच्या गॅरेजमध्ये हे चालू असू शकते, आपली मुले त्या घरी खेळायला जाऊ शकतात. शिवाय घरगुती सुरक्षेचे नियम नेमके कसे जन्माला येतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण. यातल्या जवळजवळ प्रत्येक नियमामागे एखादे फुटलेले शस्त्र, एखादा कारखाना किंवा एखादे जहाज आहे.

पितळेची काटकसर

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाल्यावर प्रायमर, दारू आणि गोळी खर्ची पडतात, पुंगळी मात्र उरते. आणि तीच सगळ्यांत महाग. १८७०च्या दशकात धातूची काडतुसे सर्रास वापरात आली तेव्हा पश्चिमेकडच्या वस्त्यांत, दुकानापासून शेकडो मैलांवर राहणाऱ्या शिकाऱ्याला पुंगळी फेकून देणे परवडण्यासारखे नव्हते. तो ती गोळा करी, ठोकून पुन्हा मापात आणी आणि भरी. अमेरिकन लष्करानेही आपल्या ठाण्यांवर सरावासाठी काडतुसे पुन्हा भरण्याची साधने पुरवली होती.

१८८४ मध्ये जॉन बार्लो याने कनेटिकट राज्यात आयडियल नावाची कंपनी काढली. तिचे साधन आपल्या अडकित्त्यासारखे दिसे: दोन दांडे, मध्ये बिजागरी, तोंडाशी पुंगळी दाबायची जागा. सोबत ही कंपनी माहितीपुस्तिका छापू लागली. साधन विकायचे तर ते कसे वापरायचे हेही सांगावे लागणार, एवढाच मूळ हेतू. पण घरी काडतूस भरणाऱ्यांसाठी छापील आकडे देण्याची परंपरा अशा पुस्तिकांपासून रुजली.

इथे इतिहासातली एक गंमत सांगायला हवी. प्रायमर बसवण्याच्या दोन पद्धती १८६०च्या दशकात निघाल्या. एक हायरम बर्डन या अमेरिकनाची, दुसरी एडवर्ड बॉक्सर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची. पुढे युरोपने अमेरिकन बर्डनची पद्धत उचलली आणि अमेरिकेने ब्रिटिश बॉक्सरची. बॉक्सरच्या पुंगळीत ठिणगी जाण्यासाठी मधोमध एकच भोक असते, त्यामुळे आतून एक सळई घातली की वापरलेला प्रायमर सहज बाहेर पडतो. बर्डनच्या पुंगळीत भोके बाजूला असतात आणि प्रायमर काढणे जिकिरीचे होते. घरी काडतूस भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, त्याला हे एक भोकही कारणीभूत आहे.

लहान झालेली दारू, मोठी राहिलेली पुंगळी

तोपर्यंतची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे काळे मिश्रण. ती धोकादायक होतीच, ठिणगी पडली तर उघड्यावरही भडका उडे. पण काडतुसात भरताना तिचा एक गुण उपयोगी पडे. ती पुंगळीत जवळजवळ काठोकाठ भरावी लागे. दुप्पट भरायची म्हटली तरी जागाच नसे.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने नायट्रोसेल्युलोजपासून धूर न करणारी दारू बनवली आणि सगळे गणित उलटे झाले. ही दारू वजनाला वजन कितीतरी अधिक शक्तिशाली. शिवाय हिची एक खोड अशी की दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. काळ्या दारूच्या सवयीने, त्याच मापाने ही नवी दारू भरणाऱ्यांच्या बंदुका फुटल्या. हे टाळण्यासाठी काही कारखान्यांनी मुद्दाम फुगवलेली दारू काढली, जी जुन्या मापानेच भरता येई. अमेरिकेत छऱ्याच्या काडतुसांच्या खोक्यांवर आजही 'ड्रॅम इक्विव्हॅलंट' असा आकडा छापलेला दिसतो. आतल्या दारूचा जोर इतक्या ड्रॅम काळ्या दारूएवढा आहे, असा त्याचा अर्थ. काळी दारू जाऊन शतक उलटले, तरी तिचे माप खोक्यावर राहिले आहे.

हातातल्या शस्त्रांत ही अडचण जास्त बिकट झाली. .३८ स्पेशल हे रिव्हॉल्व्हरचे काडतूस १८९०च्या दशकाच्या अखेरीस आले तेव्हा त्यात सुमारे २१ ग्रेन काळी दारू मावत असे. त्याच सुमारास बुल्सआय नावाची, पिस्तुलांसाठी फार जलद जळणारी दारू बाजारात आली. निशाणेबाजीच्या हलक्या काडतुसाला ती तीनेक ग्रेन पुरते. ग्रेन म्हणजे किती? आपल्या सोनारांची एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. तेव्हा दीडेक गुंज दारू, आणि तीही सातपट मोठ्या डब्यात. तळाशी चिमूटभर दिसते. दोनदा पडली तर दोन चिमटी. तीनदा पडली तरी गोळी बसवायला वर भरपूर जागा उरते.

अशी गोळी सुटताना रिव्हॉल्व्हरचे चक्र फुटते आणि वरची पट्टी उडून जाते. फुटलेले तुकडे बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही लागू शकतात. याउलट दारू भरायचीच राहिली तर प्रायमरच्या जोराने गोळी जेमतेम नळीत शिरते आणि अडकते. आवाज फुसका येतो. भरणारा 'बार फुसका गेला' म्हणून पुन्हा चाप ओढतो, आणि दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फुगते किंवा फाटते. गेटिसबर्गच्या सैनिकाची चूक इथे नव्या रूपात परत येते.

यातून घरगुती टेबलावरचे नियम तयार झाले. पन्नास पुंगळ्या एका लाकडी ठोकळ्यातल्या खाचांत उभ्या करायच्या, सगळ्यांत दारू घालायची आणि गोळी बसवण्याआधी विजेरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावून पातळी सारखी आहे का पाहायचे. मधूनमधून तराजूवर वजन तपासायचे. शक्य असेल तर पुंगळीचा निम्म्याहून अधिक भाग व्यापणारी दारू निवडायची, म्हणजे दुप्पट पडली तर ती बाहेर सांडेल आणि स्वतःच ओरडून सांगेल. काम चालू असताना दूरदर्शन नाही, फोन नाही, गप्पा नाहीत. मध्येच उठावे लागले तर अर्धवट राहिलेली पुंगळी रिकामी करून पहिल्यापासून सुरुवात. आणि मैदानावर एखादा बार वेगळा वाजला तर थांबायचे, शस्त्र रिकामे करायचे आणि नळी आरपार मोकळी आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढे जायचे नाही.

अंदाजाकडून आकड्यांकडे

पुंगळीत किती दाब निर्माण होतो हे घरच्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. कारखान्यांकडे तांब्याचा लहान दट्ट्या चेपवून दाब मोजणारी यंत्रे होती. घरी माणूस प्रायमर चपटा झाला का, पुंगळी चिकटते का, एवढेच पाहू शके. रायफलमध्ये ही लक्षणे थोडाफार इशारा देतात, पण पिस्तुलात ती दिसेपर्यंत सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असू शकते.

तरीही प्रयोग करणारे होते. आयडाहोचा एल्मर कीथ हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. १९२५ मध्ये जड भरलेल्या काडतुसाने त्याच्या जुन्या .४५ रिव्हॉल्व्हरचे चक्र फुटले. त्याने त्यावर लिहिले, मग जाड भिंतींच्या .४४ रिव्हॉल्व्हरकडे वळला आणि अधिकाधिक जोराची काडतुसे भरत राहिला. त्याच्यासारख्यांच्या दबावाने कारखाने पुढे आले. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आले आणि १९५०च्या दशकाच्या मध्यावर .४४ मॅग्नम.

.३५७ मॅग्नमची पुंगळी .३८ स्पेशलपेक्षा साधारण तीन मिलिमीटर लांब ठेवली गेली. जोराचे नवे काडतूस जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये चुकूनही बसू नये, हा त्यामागचा हेतू. .४४ बाबतीतही तेच केले. सूचना छापण्याऐवजी ती पितळेतच घडवली. सुरक्षेच्या इतिहासात मला हा क्षण मोलाचा वाटतो, कारण इथे माणसाच्या लक्षावर विसंबून न राहता वस्तूचा आकारच पहारेकरी झाला.

दरम्यान १९२६ मध्ये अमेरिकन सरकारच्या सूचनेवरून शस्त्र आणि काडतूस कारखान्यांनी सामी ही संस्था स्थापन केली. कोणत्या काडतुसाची मापे किती आणि दाबाची कमाल मर्यादा किती, हे ती ठरवू लागली. १९३७ मध्ये फिलिप शार्प याचा घरी काडतुसे भरण्यावरचा जाडजूड ग्रंथ निघाला. आज दारू आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या प्रत्यक्ष दाब मोजून तक्ते छापतात. तक्त्यातल्या किमान आकड्यापासून सुरुवात करायची, थोडेथोडे वाढवत जायचे, कमाल आकडा ओलांडायचा नाही, आणि तक्त्यातील घटकांऐवजी मनाने दुसरे घटक वापरायचे नाहीत. हा शेवटचा नियम नवखे लोक हसण्यावारी नेतात. पण ९ मिलिमीटरसारख्या आखूड पुंगळीत गोळी जरा खोल बसली तरी आतली जागा घटते आणि दाब एकदम चढतो.

दारूचे म्हातारपण

नायट्रोसेल्युलोजचा आणखी एक दोष कळायला जहाजे बुडावी लागली. १८४६ मध्ये बासलच्या श्योनबाइनने जाहीर केलेला स्फोटक कापूस दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमधील फॅव्हरशॅमच्या कारखान्यात उडाला आणि अनेक कामगार दगावले. पुढे शुद्धीकरण सुधारले, पण हा पदार्थ वयानुसार हळूहळू कुजतो आणि त्यातून निघणारी आम्लवायूंची वाफ कुजणे आणखी वाढवते. मार्च १९०७ मध्ये तुलाँ बंदरात 'इएना' ही फ्रेंच युद्धनौका अशाच दारूमुळे उडाली असे मानले जाते. त्यात शंभराहून अधिक माणसे गेली. सप्टेंबर १९११ मध्ये त्याच बंदरात 'लिबेर्ते' उडाली, आणि अडीचशेहून अधिक बळी पडले.

आजच्या दारूत ही वाफ शोषून घेणारे स्थिरक मिसळतात, पण तेही कधीतरी संपतात. म्हणून दारू थंड आणि कोरड्या जागी ठेवायची. ॲरिझोना किंवा टेक्ससमधले तापलेले गॅरेज ही तिची जागा नव्हे. डबा उघडल्यावर आंबट, झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूळ दिसली तर ती दारू वापरायची नाही. मूळ डब्यातून दुसऱ्या बरणीत काढायची नाही, कारण रंगावरून किंवा दाण्यावरून कोणतीही दारू ओळखता येत नाही. टेबलावर एका वेळी एकच डबा.

एक गोष्ट मात्र आपल्या सहज समजुतीच्या विरुद्ध आहे. असा डबा पोलादी तिजोरीत घट्ट बंद करणे धोक्याचे. धूर न करणारी दारू मोकळी पेटली तर भराभर जळते, कोंडली तर स्फोट होतो. म्हणूनच डबे मुद्दाम कमकुवत बनवलेले असतात. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संस्थेच्या मानकानुसार घरात अशी दारू २० पौंडांपर्यंत मूळ डब्यांत ठेवता येते. त्याहून जास्त, ५० पौंडांपर्यंत, असेल तर ती एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत हवी. प्रायमरची मर्यादा १० हजार. प्रायमर सुटे करून काचेच्या बरणीत साठवणे सर्वांत वाईट, कारण एक उडाला तर शेजारचे सगळे उडतात. कंपनीच्या खोक्यात प्रत्येकाला वेगळी खाच असते ती याच कारणासाठी.

न फुटणारा धोका

आतापर्यंतचे धोके आवाज करणारे होते. शिशाचा धोका आवाज करत नाही. १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत प्रायमरमध्ये नळीला गंज चढवणारे क्षार असत, त्याआधी पितळ ठिसूळ करणारा पारा असे. या दोन्हींपासून सुटका करणारे मिश्रण शिशाच्या संयुगावर आधारलेले निघाले. बंदूक वाचली, पण वापरलेल्या पुंगळीत शिशाची बारीक धूळ उरू लागली. पुंगळ्या चकाकवण्यासाठी त्या मक्याच्या किंवा अक्रोडाच्या भुशात घुसळतात, तेव्हा ती धूळ हवेत आणि कपड्यांवर येते. जे लोक घरीच शिसे वितळवून गोळ्या ओततात त्यांचा धोका आणखी मोठा.

१९७८ मध्ये अमेरिकेने कारखान्यांतील शिशावर कडक मर्यादा घातल्या. गॅरेज मात्र कारखाना नसल्याने त्या नियमांच्या बाहेर राहिले. मुलांच्या रक्तात शिसे किती आढळले तर लक्ष द्यावे, ही सरकारी पातळी २०२१ मध्ये दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली गेली. भारतातून आणलेले कुंकू-शेंदूर किंवा भेसळीची हळद यांमुळे आपल्या समाजात मुलांचे डॉक्टर शिशाबद्दल विचारतातच. ज्या घरात काडतुसे भरली जातात तिथेही हाच प्रश्न विचारायला हवा. काम करताना खाणेपिणे नाही, संपल्यावर थंड पाण्याने आणि साबणाने हात धुणे, कपडे वेगळे धुणे, गालिचा असलेल्या खोलीत हे काम न करणे, भुसा उघड्यावर आणि मुलांपासून दूर चाळणे. हे नियम साधे आहेत, पण मोडले तरी त्या दिवशी काहीच होत नाही. म्हणून ते आधी विसरले जातात.

घरातला कारखाना

दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद मध्यमवर्गीय घरांत पसरला. ब्रूस हॉजडन याने सरकारने काढून टाकलेली दारू विकत घेऊन टपालाने विकायला सुरुवात केली. फ्रेड हंटिंग्टन, जॉइस हॉर्नडी, रिचर्ड ली यांनी स्वस्त साधने आणि गोळ्या बाजारात आणल्या. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून माइक डिलन याच्या यंत्राने प्रत्येक दांडा ओढला की एक तयार काडतूस बाहेर पडू लागले. वेग वाढला, पण डोळ्यासमोर पन्नास पुंगळ्या उभ्या करून डोकावण्याची पायरी गळाली. तिच्या जागी दारूची पातळी चुकली तर वाजणारी घंटी आली. २०२० नंतर प्रायमर आणि दारू दुकानांतून गायब झाली तेव्हा हाती लागेल ते वापरण्याचा मोह वाढला, आणि 'घटक बदलू नका' हा जुना नियम पुन्हा पुन्हा सांगावा लागला.

भारतात हा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून काडतुसे बनवत आला आहे, पण ती सरकारच्या भिंतीआड. १९५९च्या शस्त्र कायद्याने दारूगोळा बनवणे परवान्याच्या चौकटीत बसवले, त्यामुळे घरच्या टेबलावरचा छंद तिथे रुजला नाही. कोकणात शेतीच्या रक्षणासाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक मात्र अजून दिसते. तिच्यात दारूचे माप, गोळी आणि गज हे सगळे भरणाऱ्याच्याच हाती असते. जुन्या काळी गजावर खूण करून ठेवण्याची रीत होती. रिकाम्या नळीत गज किती आत जातो आणि भरलेल्या नळीत किती, हे त्या खुणेवरून कळे.

गजावरची खूण, लाकडी ठोकळ्यातल्या पुंगळ्यांवर पडणारा विजेरीचा उजेड, मॅग्नमची तीन मिलिमीटर जास्तीची लांबी आणि यंत्राची घंटी ही एकाच प्रश्नाची चार उत्तरे आहेत. कारखान्यात हा प्रश्न निरीक्षक विचारतो. घरात निरीक्षक नसतो, आणि चूक झाली तर किंमत मोजणाऱ्यांत शेजारच्या खोलीतले मूलही असू शकते. कायद्याने अमेरिकन माणसाला घरी काडतूस भरण्याची मुभा दिली, पण त्याबरोबर कारखान्याच्या मालकाची, कामगाराची आणि निरीक्षकाची अशी तिन्ही कामे त्याच्यावर टाकली. त्यातले तिसरे काम तो किती मनापासून करतो, यावर बाकी सगळे अवलंबून आहे.